तिरपा काप

आमच्या ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेला, एकदा कुणीतरी विचारलं होतं, तुम्हाला नदी फार आवडत असेल ना? ताई म्हणाल्या, “नदीचं काय आवडायचंय? मी काठाची माणूस.”

ते खरंच होतं. सव्वीस वर्षं त्या नदीकाठच्या सरकारी रोपवाटिकेत कामाला होत्या आणि इतक्या वर्षांत पाण्यात घोट्याच्या वर उतरलेल्या मी त्यांना पाहिलं नाही. पोहता येत नव्हतं. नावेत बसायची भीती वाटायची. पण काठावर कुठे काय उगवतं, कशाला किती पाणी चालतं आणि कुणाचं मूळ किती खोल जातं, हे त्यांना तोंडपाठ होतं. अगदी पाण्याला लागून लव्हाळी आणि पाणकणीस, त्यांच्यामागे वाळुंज, त्यामागे उंबर आणि करंज, आणि वर कोरड्यात जांभळं. नवीन बाई कामाला आली की ताई तिला पहिल्या दिवशी हा पट्टा चालवून आणायच्या. “ज्याला ओल्यात पाय ठेवून उभं राहता येतं त्याला पुढे लावायचं,” असं सांगायच्या. “करंज पुढे लावलास तर तो कुजेल आणि मुकादम माझ्या नावाने ओरडतील. त्यांना ओरडायला निमित्त देऊ नकोस, त्यांचा घसा आधीच बसलेला असतो.”

मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको. लग्न होऊन आले तेव्हा दहावी झालेली होते आणि अक्षर बरं होतं, म्हणून ताईंनीच मला रोपवाटिकेत नोंदी ठेवायच्या कामाला लावून घेतलं. घरात त्या माझ्या नणंद आणि कामावर वरिष्ठ. दोन्हीकडे बोलणी खाल्ली. पण एक सांगते, त्या माझ्याशी कधी खोटं बोलल्या नाहीत की त्यांनी माझ्याकडून खोटी नोंद करून घेतली नाही.

त्यांचं खास काम वाळुंजाचं. वाळुंज बियांपासून वाढवत बसायची गरज नसते. त्याची पानं गळाली की थंडीच्या त्या चार आठवड्यांत अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांद्या आणायच्या, त्यांच्या हातभर लांब कांड्या कापायच्या, पंचवीसची जुडी बांधायची, पाण्याच्या पिंपात भिजत ठेवायची आणि मग पहारीने चिखलात भोक पाडून कांडी दोन हिस्से आत, एक हिस्सा वर अशी रोवायची. तिला आपोआप मुळं फुटतात. हीच मुळं पुढे जाळी धरतात आणि काठ ढासळू देत नाहीत.

फक्त एक गोष्ट सांभाळावी लागते. कांडीला वर आणि खाली असतं. झाडावर जो शेंडा होता तो वर, जे बूड होतं ते खाली. आता पानं नसलेली, चिखलाने माखलेली हातभर काठी हातात घेतली तर शेंडा कुठला आणि बूड कुठलं हे पटकन कळत नाही. डोळे, म्हणजे जिथून पालवी फुटायची ते कोंब, बारीक असतात, बघायला वेळ लागतो. म्हणून कापतानाच खूण करायची. बुडाकडे तिरपा काप, शेंड्याकडे सरळ काप. तिरपं टोक चिखलात जायचं. लावणाऱ्या बाईने बाकी काही बघायचं नाही. ताईंचा हा नियम होता आणि तो त्यांनी सगळ्यांच्या डोक्यात खिळा ठोकावा तसा ठोकला होता. “तिथे उन्हात डोकं चालवत बसू नका. काप बघा आणि रोवा.”

कापायला त्या कुणाला बसू देत नसत. शेडमध्ये दोन जुनी दारं जोडून केलेलं लांबलचक टेबल होतं. शेडच्या तीन बाजूंना पत्रा आणि एक बाजू उघडी. ताई भिंतीकडे पाठ करून उघड्या बाजूकडे तोंड करून बसायच्या. बायका फांद्या आणून टेबलावर ठेवायच्या त्या नेहमी एकाच पद्धतीने, शेंडे नदीकडे आणि बुडं ऑफिसकडे. म्हणजे ताईंच्या उजव्या हाताला बूड यायचं. सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री, उजव्या हाताला तिरपं, डावीकडे सरळ, कांडी खाली, पुढची कांडी. त्या बघायच्यासुद्धा नाहीत. कापता कापता समोरून कोण गेलं, कुणी किती वेळ चहा प्यायला, सगळं टिपायच्या. मी बाजूला बसून प्रत्येक जुडीला तारखेची चिठ्ठी बांधायचे.

त्या साली नदीच्या वळणावरचा काठ ढासळला होता. रस्त्याचा कठडा दहा पावलं तरी पाण्यात गेला असेल. वरून आदेश आला की सगळ्या काठाला दगडी भिंत बांधायची. भिंत बांधली की काठाची झाडी जाणार, आणि झाडी गेली की आमच्या रोपवाटिकेचं इथे काय काम? नऊ बायका होतो आम्ही. नदी विभागाचे साहेब पाहणीला आले तेव्हा ताईच पुढे झाल्या. मुकादम मागून पदर धरून त्यांना थांबवायचे तेवढे बाकी राहिले होते.

“साहेब, भिंतीला आपटून पाणी पुढच्या वळणावर जाणार,” ताई म्हणाल्या. “तिथे पण भिंत बांधणार का? आणि त्याच्या पुढे?”

साहेब तरुण होते. हसले. “मग तुम्ही काय बांधता?”

“मी बांधत नाही. मी लावते.”

शेवटी ते वळण आम्हाला मिळालं. चोवीसशे कांड्यांचं काम. अट अशी की पाणी चढायच्या आधी मोजणी होईल आणि दहात सात कांड्या फुटलेल्या दिसल्या पाहिजेत. दिसल्या तर पुढचा सगळा काठ रोपवाटिकेकडे. नाही तर दगड. त्या दिवशी घरी येताना ताईंच्या चालण्यात एक ऐट होती. मी तशी ऐट त्यांच्यात पुन्हा पाहिली नाही.

निम्मं काम झालं होतं. बावन्न जुड्या कापून, लावून झाल्या होत्या. आणि एका सकाळी ताईंचे मिस्टर गेले.

ते पंप दुरुस्तीच्या कारखान्यात होते. शांत माणूस. त्यांना मूलबाळ नव्हतं, दोघंच दोघं. कामावर निघायच्या गडबडीत ते खुर्चीवर बसून मोजे घालत होते. ताई आतून ओरडल्या, “डबा घेतला का?” उत्तर आलं नाही म्हणून बाहेर आल्या. एका पायात मोजा होता, दुसरा हातात.

आम्ही पोचलो तेव्हा ताई त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “दुसरा मोजा मी घातला. बरं दिसेना.” एवढंच. माझे मिस्टर लहान पोरासारखे रडत होते. ताईंच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. माणसं आली, बसली, गेली. कुणी म्हणालं, रडू द्या त्यांना, मोकळं होऊ द्या. कुणी म्हणालं, धक्का बसलाय. माझ्या मनात आलं, देवा, यांना रडव. असं कधी कुणासाठी मागितलं नव्हतं. पण त्या भांडी घासत होत्या, कपडे वाळत घालत होत्या, मिस्टरांच्या चपला दारातून उचलून कपाटाखाली सरकवत होत्या. विचारलं की उत्तर द्यायच्या. नाही विचारलं की नाही.

मी त्यांच्याकडेच राहिले होते. चौथ्या दिवशी सकाळी सहाला त्या तयार होऊन दारात उभ्या.

“ताई, अहो कुठे?”

“कामावर. पालवी फुटायला लागली की कांड्या निघत नाहीत. चार-पाच दिवसच राहिलेत.”

“मुकादम करतील काहीतरी.”

“मुकादम? त्यांना काकडी कापता येत नाही.”

ही गंमत त्यांनी केली, पण चेहरा जसाच्या तसा. मी हसले नाही. हसायला हवं होतं का, अजून कळत नाही.

शेडमध्ये त्या आपल्या जागेवर बसल्या आणि उघड्या बाजूने लोक यायला लागले. शेजारच्या गोदामातला चौकीदार, चहावाला, भाजीवाली, रस्त्याने जाणारी ओळखीची माणसं. प्रत्येक जण शेडसमोर थांबायचा, तोंड पाडायचा, “फार वाईट झालं हो” म्हणायचा. ताई प्रत्येकाला मान हलवायच्या. त्यांना त्रास होत होता की नाही सांगता येत नाही, पण मला बघवेना. दुपारच्या आधीच मी त्यांची खुर्ची उचलली आणि टेबलाच्या पलीकडे नेऊन ठेवली, म्हणजे त्यांची पाठ रस्त्याकडे होईल.

“इथे बसा ताई. कुणाची तोंडं बघायला नकोत.”

त्या उठल्या आणि तिथे बसल्या. का, कशाला, काही नाही. एरवी त्यांच्या खुर्चीला कुणी हात लावला असता तर त्याची धडगत नव्हती.

सकाळी ज्या चार-दोन कांड्या झाल्या होत्या त्या बाजूला सारून त्यांनी नव्याने सुरुवात केली. चार दिवस त्या तिथे बसून कापत होत्या. रोज अकरा जुड्या, एक जास्त नाही, एक कमी नाही. मी चिठ्ठ्या बांधत होते. पाचव्या दिवशी मुकादमांना टेबल हवं होतं म्हणून खुर्ची परत भिंतीकडे गेली. तोवर आमचं कापायचं काम संपलेलंच होतं.

त्या चार दिवसांच्या अकराशे कांड्या लंबूने लावल्या. लंबू म्हणजे आमच्यातली सगळ्यात उंच बाई. पस्तिशीची असेल. घरात अंथरुणाला खिळलेली सासू, त्यामुळे येताना उशीर, जाताना घाई आणि मुकादमांशी रोजची वादावादी. पण पहार तिच्यासारखी कुणाला मारता येत नसे. वळणाचा खालचा अर्धा भाग तिच्याकडे होता. तिसऱ्या दिवशी ती चिखलाचे हात तसेच घेऊन माझ्याकडे आली.

“अगं, ह्या कांड्यांचे डोळे मला खाली बघतात असं वाटतंय.”

“तिरपं टोक चिखलातच जातंय ना?”

“हो, पण...”

“ताईंनी कापल्यात ना? मग झालं. त्यांना आता जाऊन विचारणार आहेस का तू?”

तिने माझ्याकडे बघितलं, मग शेडमधल्या ताईंच्या पाठीकडे बघितलं. “नाही गं बाई,” म्हणाली आणि परत गेली.

हे मी लिहून ठेवते आहे, कारण हे माझ्याकडून झालं. मी उठून एक जुडी सोडून बघायला हवी होती. एक मिनिटाचं काम होतं.

सहा आठवड्यांनी वळणाचा वरचा भाग हिरवा झाला. दहातल्या नऊ कांड्यांना पोपटी पालवी. खालचा भाग मात्र नुसत्या काठ्या रोवल्यासारखा. दहात दोन फुटलेल्या, त्याही विचित्र. कोंब आधी खाली निघालेला आणि मग कोपरासारखा वाकून वर गेलेला. मुकादमांनी ते पाहिलं आणि त्यांचा आवाज चिरका झाला. वरून कुणी येणार असलं की तो नेहमीच व्हायचा.

“लंबूने पाट्या टाकल्या! घरी पळायची घाई! भोकं खोल पाडली नाहीत, माती दाबली नाही. मोजणीला साहेब आले की मी काय सांगू? माझं नाव सांगू का तुझं?”

लंबू म्हणाली, “दाबली होती माती.”

“मग वरच्या भागात फुटल्या त्या काय जादूने?”

यावर तिच्याजवळ उत्तर होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी नोंदवहीत पाहिलं. ती गप्प बसली. नवरा जाऊन दोन महिने न झालेल्या बाईच्या माथी ती हे मारणार नव्हती, आणि मी तिच्या त्या चांगुलपणाच्या आड लपून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मुकादमांनी कागद तयार केला. कामात हयगय केल्यामुळे सदर कामगार महिलेला कमी करण्यात यावे. मोजणीला साहेब येतील तेव्हा त्यांच्यासमोर सही होणार होती. लंबूच्या घरात कमावणारी तीच. ती त्या दिवशीही नेहमीसारखी उशिरा आली आणि पहार घेऊन निघाली.

संध्याकाळी मी ताईंच्या घरी गेले. वाटेत देवाचं नाव घेत होते. ताई स्वयंपाकघरात एका माणसापुरता भात लावत होत्या.

“ताई, वळणावरच्या त्या कांड्या...”

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“उलट्या आहेत.” त्यांनी भातावर झाकण ठेवलं. “कोंब वाकडे निघाले तेव्हाच कळलं. गेल्या आठवड्यात जाऊन एक उपटून बघितली. काप चुकलाय. टेबलाच्या पलीकडून बसले होते ना, बूड डाव्या हाताला गेलं. हात मात्र नेहमीसारखाच चालला.”

एक आठवडा! मला राग आला. खरंच आला. त्यांच्यावर मी आवाज चढवला तो आयुष्यात त्या एकदाच.

“आणि तुम्ही बोलला नाहीत? लंबूला काढतायत, ताई! तुमच्यासमोर मुकादम तिला बोलत होते!”

“ऐकलं मी.”

“मग?”

ताई स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, “बोलायला आतून काहीतरी यावं लागतं गं. राग तरी, लाज तरी. मी वाट बघत होते. ती उपटलेली कांडी हातात घेऊन उभी राहिले आणि वाट बघितली, आता मला वाईट वाटेल. नाहीच वाटलं. हे गेले तेव्हाही असंच. मला वाटलं, उद्या वाटेल. मग वाटलं, परवा वाटेल.” त्यांनी हाताच्या पंजाकडे बघितलं. “हात झोपतो ना कधी, तसं आहे. टोचलं तरी कळत नाही.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, “खुर्ची मी फिरवली होती.”

“हो,” त्या म्हणाल्या. “भात खाणार आहेस का? थोडा जास्त घालते.”

मी घरी आले. त्या दुसऱ्या दिवशी काय करतील याचा मला अंदाज नव्हता. त्यांनी नाही सांगितलं तर मी सांगायचं, एवढं मी देवासमोर हात जोडून ठरवलं. माझी नोंदवही होती. कुठली जुडी कोणत्या तारखेला कापली, कुठे गेली, सगळं त्यात होतं. ती वही ताईंच्या विरुद्ध पुढे करावी लागणार होती.

सकाळी दहाला साहेब आले. दोन माणसं दोरी आणि पाट्या घेऊन वळणावर उतरली आणि मोजून वर आली. चोवीसशेपैकी तेराशे नव्वद. दहात सात हव्या होत्या, सहासुद्धा भरल्या नाहीत. मुकादमांनी लगेच कागद पुढे केला. आम्ही सगळ्या काठावर उभ्या होतो. ताई शेवटी, उंबराच्या बुंध्याला टेकून.

साहेबांनी कागद वाचला. लंबूला विचारलं, “तुमचं काय म्हणणं आहे?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात लंबूच बोलली. “चूक माझी. लावताना घाई झाली. घरी सासू आजारी असते.”

“खोटं बोलतेय ती,” मागून ताई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ताई पुढे येत होत्या. “हिला घाई येतच नाही, साहेब. सव्वीस वर्षांत इतकी सावकाश बाई मी पाहिली नाही. एक कांडी रोवते तोवर दुसरीच्या दोन होतात. पण हिची कांडी हत्तीने ओढली तरी निघायची नाही. तुम्ही ओढून बघा.”

“ताई, जाऊ द्या ना,” लंबू हळूच म्हणाली.

“तू गप्प बस.”

ताई काठ उतरून खालच्या भागात गेल्या. एक कांडी दोन्ही हातांनी धरून हलवली, निघेना. मग बसून भोवतालची माती बोटांनी उकरली आणि ती बाहेर काढली. नदीत धुतली. वर येऊन साहेबांच्या हातात दिली.

“डोळा बघा. झाडावर तो वर बघतो. इथे कुठे बघतोय?”

साहेबांनी कांडी फिरवून पाहिली. “खाली.”

“आणि तिरपा काप कुठे आहे? शेंड्याला. तो बुडाला हवा. हिने तिरपं टोक चिखलात घातलं, जसं मी शिकवलं तसं. कापला मी. अकराशे कांड्या मी उलट्या कापल्या.”

मुकादम कांडी बघायला पुढे वाकले.

“कसं काय?” साहेबांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. “तुम्ही?”

“हात चुकला.”

मी पुढे झाले. “साहेब, माझ्यामुळे झालं. यांचे मिस्टर गेले होते, मी खुर्ची फिरवली...”

“खुर्चीला सिकेटर धरता येत नाही,” ताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “मागे हो.”

“कुणी तपासलं नाही?”

“माझं कुणी तपासत नाही. ती माझीच पद्धत. लावणाऱ्यांनी डोळे बघायचे नाहीत हेही मीच सांगितलेलं. तेव्हा हा कागद फाडा आणि माझ्या नावाचा करा.”

हे सगळं त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजात त्या मला पिंपातलं पाणी बदलायला सांगायच्या. ना थरथर, ना हुंदका. लंबू मात्र तोंडाला पदर लावून रडत होती. बाकीच्या दोघी-तिघीही. मुकादमांनी नाक शिंकरलं. साहेब कांडी हातात घेऊन नदीकडे बघत उभे राहिले. ताई तेवढ्या कोरड्या.

मग साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला. म्हणाले, “कुणालाच काढायचं नाही. पण वळणाचं मी काही करू शकत नाही. अट अट आहे. दगड येतील.”

“येऊ द्या,” ताई म्हणाल्या. “वरचा भाग ठेवा फक्त. तो नीट आहे.”

“बघतो.”

वरचा भाग त्यांनी ठेवला, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. खालच्या भागात महिन्याभरात दगड पडले. कोपरासारखे वाकलेले कोंब त्याखाली गेले. पुढचा काठ आमच्याकडे आला नाही. येणार होता, ताईंनी तो जवळजवळ मिळवला होता, आणि आला नाही. रोपवाटिका चालू राहिली ती रस्त्याकडेच्या झाडांवर. नऊपैकी आम्ही सहा जणी उरलो. गेल्या त्या तिघींची नावं मी वहीतून खोडली तेव्हा ताई शेजारी उभ्या होत्या. “नीट रेघ मार,” म्हणाल्या. एवढंच.

कारखान्याच्या लोकांनी त्यांच्या मिस्टरांचा हत्यारांचा डबा घरी आणून दिला. ताईंनी तो उघडला, नट आवळायचे पाने पुसले, पुन्हा ठेवले. मी अधूनमधून विचारायचे, “ताई, बरं वाटतंय ना?” त्या विचार करून उत्तर द्यायच्या. “बरं नाही. वाईटही नाही.” एकदा म्हणाल्या, “तू देवाला काय मागतेस माझ्यासाठी?” मी सांगितलं, रडू मागते. त्या म्हणाल्या, “माग. मी काही नको म्हणत नाही.”

पुढच्या थंडीत एका ओढ्याच्या काठासाठी तीनशे कांड्यांचं काम आलं. मुकादम अडखळत म्हणाले की ताई, यंदा कापायला दुसऱ्या कुणाला बसवू या का. ताई म्हणाल्या, “मीच बसते. पण माझ्यासमोर लंबू बसेल. प्रत्येक कांडीचा डोळा ती बघेल आणि मग जुडी बांधायची.”

“मी?” लंबू म्हणाली. “मी तुमचं काम तपासू?”

“का, दिसत नाही तुला? एवढ्या उंचीवरून तर सगळं दिसायला पाहिजे.”

तेव्हापासून तसंच चालतं. टेबलाच्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला लंबू, कडेला चिठ्ठ्या घेऊन मी. काम निम्म्या वेगाने होतं. मुकादम कुरकुरतात, पण बंद करा असं म्हणत नाहीत. पहिले दोन दिवस लंबू नुसती मान हलवून कांड्या पुढे सरकवत होती, बघितल्यासारखं करत होती. ताईंच्या लक्षात आलं. त्या कापत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी लंबूचा हात थांबला. एक कांडी तिने बोटांत फिरवली, पुन्हा फिरवली. मग ती ताईंच्या पुढ्यात परत ठेवली.

ताईंनी कांडी उचलली, डोळ्यांजवळ नेली. शेंड्याकडे तिरपा काप होता.

“बरोबर आहे तुझं,” त्या म्हणाल्या. कांडी बाजूच्या टोपलीत टाकली आणि पुढची फांदी घेतली.